हुक कशाला धरून आहे?

सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या कच्च्या रस्त्यांवर पावसाळ्यात गाडी रुतली की दोर कुठे बांधायचा, हा प्रश्न हुकाच्या जाडीचा समजला जातो. तो खरा बोल्टांचा आणि चासीचा आहे. बंद पडलेली गाडी डांबरावर ओढायला थोडे बळ पुरते. चाके आसापर्यंत चिखलात गेली की चिखलाची पकड आणि चढ मिळून तेच बळ गाडीच्या वजनाइतके, कधी जास्तही लागते. बंपरच्या पत्र्याला वेल्ड केलेला झोकदार लाल हुक (रंगाने ताकद येत नाही) तिथे उपटून येतो. कंपनीचा हुक असतोच की, असे कोणी म्हणेल. पण अनेक गाड्यांत तो सपाट रस्त्यावर ओढण्यापुरता किंवा ट्रकवर गाडी जखडण्यापुरता असतो. ट्रॅक्टर आणि साखळी असताना एवढा विचार कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार, कारण सातपुड्यात मदतीला येतो तो बहुधा ट्रॅक्टरच. मात्र त्याच्या झटक्यानेच कच्चा सांधा तुटतो आणि सुटलेले लोखंड गोफणीतल्या दगडासारखे येते. ऑस्ट्रेलियात ट्रेलर जोडायच्या टो-बॉलला पट्टा अडकवून गाडी ओढताना तो तुटून माणसे दगावली आहेत. म्हणून चासीच्या दोन्ही दांड्यांना निदान ८.८ दर्जाच्या बोल्टांनी बसवलेले, भारक्षमता कोरलेले दोन हुक घ्यावेत, आणि ओढताना बघ्यांना लांब पिटाळावे.