जुने काव्यसंग्रह रद्दीत घालू नका

ऑनलाइन मागवलेले पुस्तक मुंबई-ठाण्यातल्या घरी अनेकदा येते ते भिवंडीच्या एखाद्या गोदामातून. याच भिवंडीच्या जुन्या वाड्यांत मात्र पणजोबांची पुस्तके माळ्यावर पडून राहतात आणि घर पाडायला निघाले की किलोच्या भावाने जातात. त्यात एखादा जुना काव्यसंग्रह असेल, तर तो वेचणाऱ्या माणसाचे आयुष्यभराचे कष्टही त्याच तागडीत पडतात.

परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली निघाले. वाईत १७९९ साली जन्मलेल्या या माणसाने पेशवाई बुडताना पाहिली होती. जुन्या कवींचे निवडक वेचे त्याने छापील पुस्तकात आणले आणि शाळकरी पिढ्या त्यावर वाढल्या. गोडबोल्यांच्या मागेही संपादक या पुस्तकावर हात फिरवत राहिले, अ. का. प्रियोळकर त्यांतलेच. म्हणून ‘नवनीत’ची एकच प्रत जपून भागत नाही. कोणता वेचा राहिला, कोणता गळला, टीपा कशा बदलल्या, हे आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

पोवाड्यांचेही तसेच. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲक्वर्थ यांनी गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे मिळवून १८९१ साली ग्रंथरूपाने छापले. ॲक्वर्थ हे मुंबईचे पालिका आयुक्त. वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला आजही त्यांचेच नाव आहे.

आणि भिवंडीहून कशेळीची खाडी ओलांडली की ठाणे, वि. ल. भावे यांचे गाव. मिठागरांचा व्यवसाय सांभाळून हा माणूस हस्तलिखिते जमवीत राहिला. १८९३ साली तिथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, त्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून त्यांनी मराठी वाङ्मयाचा इतिहास मांडला. सरकारी हुकूम नव्हता, पगार नव्हता. संग्राहकाचे काम हौसेचे म्हणून हलके लेखणाऱ्यांनी भाव्यांकडे पाहावे.

‘आता सगळे स्कॅन झाले आहे’ हे उत्तर अपुरे आहे. स्कॅन एका प्रतीचे होते; दुसऱ्या प्रतीवर कोणाची सही आहे, समासात कोणत्या मास्तरांनी अर्थ लिहिला आहे, ते त्यात उतरत नाही. भिवंडीच्या बाबतीत तर मराठी घरातल्या बाडाइतकीच विणकरांच्या घरातली उर्दू बयाज मोलाची आहे. हाताने उतरवलेल्या कवितांची ती वही दुसरीकडे कुठे छापलेली सापडेलच असे नाही.

तेव्हा पेटी उघडाल तर आधी मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि छापखान्याचे नाव पाहा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. पुस्तक कोणाचे होते, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवा आणि रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयात एकदा दाखवून घ्या.