दुर्लक्षित पेशींचे ऋण

मज्जातंतू म्हटले की संदेशांची धावपळ डोळ्यांसमोर येते. त्या तंतूंना जपणारी आवरणे सहसा आठवत नाहीत. या आवरणांतले कोलॅजनचे धागे तयार करण्यात फायब्रोब्लास्ट पेशींचा मोठा वाटा असतो.

नवजात पांढऱ्या उंदराच्या मांडीतली सायटिक नस विकरांनी सैल करून पेशी बशीत वाढवल्या, की फायब्रोब्लास्ट या चपट्या, पसरट पेशी भराभर वाढतात आणि संशोधकांना हव्या असलेल्या, तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशींना झाकून टाकतात. म्हणूनच १९७९ मध्ये ब्रॉक्स, फील्ड्स आणि रॅफ या संशोधकांनी फायब्रोब्लास्ट निवडून काढून टाकण्याची पद्धत मांडली. त्यांच्या लेखी या पेशी म्हणजे पिकातले तण होते.

पुढे २०१० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ॲलिसन लॉइड यांच्या गटाने उंदरांवरच्याच प्रयोगांतून वेगळी बाजू दाखवली. नस तुटली की जखमेतले फायब्रोब्लास्ट श्वान पेशींना एकत्र येण्याचा इशारा देतात. मग त्या पेशींच्या रांगा बनतात आणि त्यांच्या आधाराने नवे तंतू पुढे सरकतात.

माणसात ही वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर होते. मनगटाची नस तुटलेल्या माणसाला बोटांची जाण परत यायला म्हणूनच कित्येक महिने लागतात. ही प्रतीक्षा कमी करायची असेल, तर फायब्रोब्लास्ट पेशींचा स्वतंत्र अभ्यास हवा, त्यासाठी सातत्याने निधी हवा. आणि ज्या प्राण्यांकडून त्या मिळतात, त्यांचा एकही जीव वाया जाऊ नये, याची जबाबदारी प्रत्येक प्रयोगशाळेने घ्यायलाच हवी.