काडीचा माणूस

दिवाळीच्या साफसफाईत रद्दी निवडण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. मराठीचा प्राध्यापक रद्दी निवडीत नाही, वाचीत बसतो, अशी आमच्या सौभाग्यवतींची जुनी तक्रार आहे. आणि ती खरी आहे.

यंदा त्या ढिगात चिरंजीवांची मराठीची वही निघाली. ती पाहून मी जरा ओशाळलो. सहामाही परीक्षेच्या आधी याच वहीवरून घरात महाभारत झाले होते. शुद्धलेखन पाहावे म्हणून मी ती उघडली, तो उजवीकडच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक काडीचा माणूस! डोक्याच्या जागी गोळा, खाली पाच रेघा. बाप ज्या भाषेची भाकरी खातो, तिच्या वहीत हे चाळे? मी तीन पाने टर्रकन फाडली. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांना चूक उमगली, असे मी समजलो.

परवा ती वही ढिगावर टाकता टाकता तिची पाने मी सहज अंगठ्याने मागून पुढे भराभर सोडली, आणि तो माणूस चालू लागला! खांद्याला पिशवी, काखेत छत्री, एक खांदा किंचित उतरलेला. ही चाल कुठे बरे पाहिली, असा विचार करीत होतो, तेवढ्यात मागून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे तर तुम्हीच!"

मधेच मात्र त्या गृहस्थाला एक जोराचा हिसका बसे. मी चिरंजीवांना हाक मारली.

"हा इथं अडखळतो का रे?"

"तिथली पानं तुम्ही फाडलीत, बाबा."

ती तीन पाने मीच काढून द्यायची, असे मी त्याच क्षणी ठरवले. प्रौढ माणसाने असले उद्योग करावेत का, अशी शंका वाचकांपैकी कुणाला येत असेल, तर पॅरिसच्या एमिल कोल यांचे उदाहरण सांगतो. त्यांनी १९०८ साली सुमारे ७०० चित्रे काढून दोन मिनिटांहूनही छोटा चित्रपट केला, तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. आणि त्यांचा नायकही असाच रेघांचा होता. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी तर १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' या चित्रपटात चक्क काड्यांनाच नाचवले. तेव्हा माझी पंगत काही वाईट नव्हती.

चिरंजीवांनी शिकवणी सुरू केली. वहीचा कागद पातळ हवा, म्हणजे खालचे चित्र वर दिसते. सुरुवात शेवटच्या पानापासून करायची. त्यावर आधीचे पान पाडून, दिसणाऱ्या चित्रात केसभर फरक करून नवे चित्र काढायचे. सेकंदाला बारा चित्रे सरकली, की डोळा फसतो. साठ पानांचा माणूस पाच सेकंद जगतो. एका चित्रात पाय फाकलेले, पुढच्या काही चित्रांत ते जवळ येऊन एकमेकांना ओलांडणारे, मग पुन्हा फाकलेले. उजवा पाय पुढे, तर हात डावा पुढे.

माझे पहिले तीन माणसे हिवताप भरल्यासारखे थडथडले. "तुम्ही घाई करता, बाबा. एका पानात किती पुढं नेता त्याला!" दुसऱ्या खेपेस माझा माणूस चालेचना, शेवाळावरून घसरावा तसा सरकू लागला. "डोकं एकाच रेघेत ठेवलंत. पाय जवळ आले की माणूस उंच होतो, फाकले की बुटका. चालून बघा." मी आरशापुढे चाललो. खरेच की! चाळीस वर्षे मी चालतो आहे, आणि हे मला ठाऊक नव्हते. बारा वर्षांच्या पोराने ते पाहून ठेवले होते, आणि कुणाकडे पाहून, तेही आता कळले. मी रोज कॉलेजात जाताना गॅलरीतून कुणीतरी माझ्याकडे इतका वेळ पाहत असे!

तिसऱ्या खेपेस मी फाटल्या जागेच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी दोन्ही चित्रे नव्या कागदावर फिकट उतरवली. तीन पाने भरायची असतील, तर क्रमाने काढायची नाहीत. आधी मधले काढायचे. त्यात पाय जवळ, डोके किंचित वर. मग त्याच्या आणि अलीकडच्या चित्राच्या मध्ये एक, पलीकडच्याच्या मध्ये एक. पाने फाडायला मला एक क्षण लागला होता. भरायला दोन संध्याकाळी लागल्या.

डिंकाने पाने चिकटवली. आम्ही तिघे वहीवर वाकलो. अंगठा सुटला, छत्रीवाले गृहस्थ निघाले. हिसका गेला होता. मात्र चिकटवलेल्या जागी कागद जाड झाल्याने अंगठा किंचित रेंगाळे, आणि गृहस्थ तिथे पळभर थांबत. मी म्हणालो, "पुन्हा काढू का रे?"

"राहू द्या, बाबा," चिरंजीव म्हणाले. "गॅलरीकडं वळून बघताहेत, असं समजू."

यंदा आमच्या रद्दीत एक वही कमी भरली.