शिक्का कशाची साक्ष देतो?

‘नोटरी झाली आहे’ एवढे ऐकले की आपण निर्धास्त होतो. जबलपुरात 1956 पासून उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे, वकील आणि टंकलेखकांची शहरात वाण नाही. तरीही तो गोल शिक्का नेमके काय सांगतो, हे कागद करून घेणारे क्वचितच विचारतात.

रोमन काळातला नोटेरियस म्हणजे बोललेले भराभर टिपणारा लेखनिक. पुढे तो विश्वासाचा साक्षीदार झाला. इंग्लंडमध्ये त्याच्या नेमणुकीचा अधिकार 1533 च्या कायद्याने पोपकडून कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला, आणि भारतात 1952 चा नोटरी कायदा येईपर्यंत लंडनहून नेमलेले नोटरीही इथे काम करीत. आपल्याकडे पूर्वी महजरावर, म्हणजे सभेतल्या निवाड्याच्या कागदावर, पाटील नांगराची निशाणी काढी. तो त्या सभेत हजर होता, याची ती साक्ष.

आजच्या नोटरीच्या शिक्क्याचाही गाभा हाच. समोरच्या माणसाने आपल्यादेखत सही केली, शपथ घेतली, असे नोटरी सांगतो. मजकूर खरा आहे किंवा विकणाऱ्याची मालकी निर्वेध आहे, असे तो सांगत नाही. इथेच घात होतो. 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय पुरी होत नाही. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले. तरी आयुष्यभराची पुंजी नोटरी केलेल्या करारावर ओतली जाते. तो करार कपाटात जपून ठेवला, तरी सातबाऱ्यावर किंवा खसऱ्यावर नाव लागत नाही.

लग्नाच्या बाबतीत तर हा गैरसमज अधिक क्रूर ठरतो, कारण किंमत बहुधा स्त्रीला मोजावी लागते. विवाहाचा करारनामा करून देणे हे नोटरीचे काम नाही, असे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने 2020 च्या डिसेंबरात सांगितले. केंद्रीय विधी खात्यानेही ऑक्टोबर 2024 मध्ये विवाह आणि घटस्फोटाच्या कागदांबाबत नोटरींना तसेच बजावले. नोटरीच्या कागदाने घटस्फोट झाला या समजुतीत कोणी दुसरा संसार थाटला, तर पहिले लग्न कायम असते.

आणि सही करणारा हजरच नसेल तर? घरी सही करून कागद कोणाच्या तरी हाती धाडायचा आणि संध्याकाळी शिक्क्यासह परत घ्यायचा, ही सवय नोटरीपदाचा प्राणच काढून घेते. प्रत्येक नोटरीला नोंदवही ठेवावी लागते. आपल्या कागदावर तिचा अनुक्रमांक आहे का, नोंदवहीत आपलीच सही आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्यावे.