लक्ष श्वासावर नको

"डोळे मिटा आणि सगळं लक्ष श्वासावर आणा." सोसायटीच्या हॉलमधल्या योगवर्गात ताई असं म्हणाल्या आणि आजूबाजूचे चेहरे सैलावले. माझ्या पोटात मात्र गोळा आला. घेतलेला श्वास पुरेना. पुढचा मुद्दाम खोल घेतला, तोही अपुरा. दोन-तीन मिनिटांत बोटांना मुंग्या, ओठ बधिर, छातीत धडधड. मी उठून बाहेर आले. त्यानंतर कितीतरी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एकच धास्ती: मी लक्ष काढलं आणि श्वास थांबला तर?

ईसीजी काढला, रक्त तपासलं, फुप्फुसंही. (दमा, हृदय, रक्तक्षय यांची शंका आधी फेडून घ्यायलाच हवी.) सगळं ठीक होतं. मग डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. श्वासाचा ताल मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र सांभाळतं. मिनिटाला साधारण १२ ते २०, गाढ झोपेतही. निरोगी माणसाचं रक्त प्राणवायूने आधीच जवळजवळ भरलेलं असतं. खोल खोल श्वास ओढून त्यात फारशी भर पडत नाही, उलट कार्बन डायऑक्साइड घटतो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, मुंग्या येतात. आणि हे सगळं गुदमरल्यासारखंच वाटत असल्याने माणूस आणखी जोराने श्वास ओढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिकचं असंच चक्र मांडलं: शरीरातल्या साध्या खुणेचा भलता अर्थ लावला जातो, त्यातून भीती येते आणि भीतीने ती खूण आणखी ठळक होते.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास न्याहाळायचा असतो. त्यातून निवलेली माणसं माझ्या घरातच आहेत, त्या साधनेबद्दल मला आदर आहे. पण कुणी घाबरून डोळे उघडले की "तुझं मन चंचल आहे" असं त्याला सुनावू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. ते मन चंचल नसतं, भ्यालेलं असतं.

मला उपयोग झाला तो श्वासाचा नाद सोडण्याचा. धडधडू लागलं की अनवाणी पाय फरशीवर टेकवायचे, मेथीची जुडी निवडायला घ्यायची. आणि संध्याकाळी मोठ्याने रामरक्षा. म्हणताना लक्ष शब्दांवर असतं, उच्छ्वास आपोआप लांबतो. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' यांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरलेला दिसला. आमची आजी दिवेलागणीला आम्हाला रांगेत बसवून रामरक्षा म्हणायला लावायची. श्वासाबद्दल ती कधी एक शब्दही बोलली नाही.

वर्गाला मी आजही जाते. ताईंना सगळं सांगितलंय. बाकीचे श्वास न्याहाळतात तेव्हा मी खिडकीशी, डोळे उघडे ठेवून बसते. बाहेर कढीपत्त्याच्या झाडावर बुलबुल असतो, त्याचं ऐकते.