वीटभट्टीवर तुमची भाषा कोण सांगणार?

शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवरच्या कातकरी, ठाकूर, वारली बंधू-भगिनींनो, आणि जनगणनेच्या कामावर निघणाऱ्या गुरुजींनो, बाईंनो,

देशाची जनगणना सोळा वर्षांनी होते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे माणसं मोजण्याचं काम फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आपल्या कातकरी वाड्यांवर कोण असतं, ते या भागात सगळ्यांना माहीत आहे. थकलेली म्हातारी माणसं आणि बाहेरून कडी घातलेली घरं. दिवाळी झाली की सापगावच्या पुलावरून भातसा ओलांडून टेम्पो जाऊ लागतात. त्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं. कोणी भिवंडी-कल्याणच्या वीटभट्टीवर, कोणी पनवेलकडे, कोणी कोळसा पाडायला. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे थांबता येत नाही. परत येणं पाऊस तोंडावर आल्यावर.

जी कुटुंबं गणनेच्या सगळ्या दिवसांत गावाबाहेर असतील, त्यांची नोंद जिथे असतील तिथे व्हायला हवी. पण भट्टीवर प्रगणकासमोर कोण उभं राहणार? मुकादम किंवा मालकाचा माणूस. मातृभाषा विचारली की तो ‘मराठी’ म्हणून मोकळा होणार. विटा थापणाऱ्या बाईला कोणी विचारणारही नाही. तिची भाषा अशी एका शब्दात संपेल आणि पुढच्या जनगणनेपर्यंत कागदावर परत येणार नाही.

यात काय बिघडलं, असं कोणाला वाटेल. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषेची १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली. छाननीनंतर त्यातून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. आणखी १,४७४ नावं कुठेच बसेनात, म्हणून ती ‘इतर’मध्ये ढकलली गेली. शेवटी दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या १२१ भाषांची यादी छापली. त्या यादीत आपल्या राज्यातली कोलामी आहे, कोरकू आहे. कातकरी, वारली, ठाकरी ही नावं स्वतंत्र भाषा म्हणून तिथे नाहीत. महाराष्ट्रात कातकरी माणसं अडीच लाखांवर आहेत. कोलामांप्रमाणेच केंद्र सरकारने ही जमातही विशेष असुरक्षित आदिम जमातींमध्ये धरली आहे. जमात यादीत आहे आणि तिची भाषा नाही, हे मला सहन होत नाही.

१९०५ मध्ये ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड निघाला. त्याने या बोलींना मराठीच्या कुळात बसवलं, तरी कातकरी, वारली, ठाकरी यांची नावं आणि नमुने वेगवेगळे छापले. इंग्रजी राजवटीत जी नोंद झाली, ती स्वतंत्र देशाच्या गणतीत का राहू नये? २०१३ मध्ये गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. आदिवासी आणि भटक्या समाजांच्या भाषांसाठी लोकांनी केलेलं ते मोठं काम आहे. पण पाठ्यपुस्तकं कोणत्या भाषेत छापायची, शिक्षक कोण नेमायचे, हे ठरवताना सरकार जनगणनेचा आकडा मागतं. आकडा नसला की मागणी पहिल्याच टेबलावर अडते.

म्हणून वाडीवरच्या माणसांना माझी हात जोडून विनंती आहे. मातृभाषा विचारली की आपल्या भाषेचं नाव सांगा. जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने तुमच्याशी जी भाषा बोलली ती. घरात कातकरी बोलत असाल तर ‘कातकरी’ म्हणा. ‘आदिवासी’, ‘गावठी’, ‘वाडीची भाषा’ असं सांगू नका. अशी नावं ‘इतर’मध्ये जाऊन पडतात. जमातीच्या रकान्यात कातकरी लिहिलं म्हणजे भाषेच्या रकान्यात ते आपोआप येत नाही. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, दोन्ही ठिकाणी सांगावं लागेल. एका वाडीने कातकरी म्हणायचं, दुसरीने काथोडी, असंही नको, नाहीतर आकडा फुटेल. ठाकरांनीही एकच नाव ठरवावं. मराठी येते हे सांगायला पुढे वेगळी जागा असते, तिथे ती जरूर सांगा. आणि घाबरू नका. १९४८ च्या जनगणना कायद्याने तुमचं उत्तर गुप्त राहतं; त्यावरून कोणाचा दाखला अडत नाही.

लाज वाटते, हे मी जाणतो. शाळेत पहिल्याच दिवशी पोर घरच्या भाषेत बोललं आणि वर्ग हसला, की ते पुढे तोंडच उघडत नाही. त्याला काही येत नाही असं वहीत लिहिलं जातं. खेकडा कुठल्या बिळात आहे, कोणता कंद किती वेळा उकळून पाणी टाकल्यावर खाता येतो, हे त्या पोराला नेमकं माहीत असतं, फक्त ते त्याला पुस्तकाच्या मराठीत सांगता येत नाही. पुढे हेच पोर शाळा सोडून भट्टीवर जातं, आणि आपण म्हणतो, या लोकांना शिक्षणाची आवड नाही.

गुरुजी, बाई, तुमच्यातलेच बहुतेक जण प्रगणक असणार. सांगितलेली भाषा दुसऱ्या भाषेची बोली आहे की काय, हे ठरवणं तुमचं काम नाही. २०११ च्या सूचनांत हे स्पष्ट होतं: माणूस जे नाव सांगेल तेच लिहायचं. प्रश्न न विचारता ‘मराठी’ भरू नका. घाई असली तरी घरच्या बाईला विचारा.

आणि मराठी वाचकांनो, २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी नको म्हणून आपण सगळे उभे राहिलो. लहान मुलावर घरात नसलेली भाषा लादू नये, हा आपला मुद्दा होता. तो बरोबर होता, आणि २९ जूनला सरकारने हिंदीसंबंधीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. तोच मुद्दा डोळखांबच्या, टोकावड्याच्या वाडीवरच्या पोराला लागू आहे. त्याच्यासाठी घरात नसलेली भाषा म्हणजे आपली पुस्तकी मराठी. त्याने आपल्या भाषेचं नाव लिहिलं म्हणून अभिजात मराठी लहान होत नाही. राज्यघटनेचं कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. आपण तेच मागत आहोत.

वेळ थोडा आहे. टेम्पो निघण्याआधी, दिवाळीच्या आत, प्रत्येक वाडीवर बैठक घ्या आणि भाषेचं नाव ठरवा. ग्रामसभेत तसा ठराव करा. कोणतं कुटुंब कोणत्या गावच्या भट्टीवर जातंय, त्याची यादी वाडीतल्या शिकलेल्या पोरांनी करावी आणि एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी. फेब्रुवारीत दोघा-तिघांनी मोटारसायकलवर त्या भट्ट्यांवर जावं, प्रगणक येऊन गेला का विचारावं. आला नसेल तर तिथल्या तहसीलला कळवावं. येणार असेल त्या दिवशी मुकादमाऐवजी आपल्या माणसाला पुढे उभं करावं.