साडेतीन इंचांचा चौकोन

साडेतीन इंची चौरस, जाडसर कागद, काळे पेन आणि पेन्सिल. अमेरिकेतील रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांनी रुजवलेल्या ‘झेंटँगल’ या नक्षी रेखाटण्याच्या पद्धतीला एवढेच पुरते. कोपऱ्यांत चार ठिपके, ते जोडणारी चौकट, आत एक मोकळी वळणदार रेघ. तिने पडलेल्या कप्प्यांत पेनाने एकच आकार पुन्हा पुन्हा काढत जायचे, शेवटी पेन्सिलीने छाया द्यायची. खोडरबर नाही. वाकडी गेलेली रेघ पुढच्या नक्षीत सामावून घ्यायची.

कोल्हापूरकरांना हे परके वाटू नये. ठिपक्यांची रांगोळी आपल्या आया-आज्यांच्या बोटांत होती. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपातले खांब जवळून पाहा: बारीक नक्षीचे पट्टे एकावर एक चढत जातात, पण कारागिराच्या हाताला कुठे घाई झालेली दिसत नाही. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यावरचे ठशांचे कामही याच जातीचे.

‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही मिटणाऱ्या मुलांच्या हाती शाळांनी आधी हा चौकोन द्यावा, असे माझे ठाम मत आहे. हात स्थिरावला की कौशल्य मागाहून येते.

मधल्या पानावर कोरे चौकोन छापले आहेत. घरातल्या थोरांनीही ते भरावेत आणि आमच्याकडे जरूर पाठवावेत.